गोव्यातल्या डोंगरवाटा: पायी आणि सायकलने जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात डोंगर आहेत तरी कुठे? सगळा किनाराच ना?

राज्य लहान आहे, 3,702 चौरस किलोमीटर. पण त्याची पूर्वेकडची बाजू सगळी सह्याद्रीची. सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि काणकोण या चार तालुक्यांत खरे डोंगर आणि खरे जंगल आहे. उंचीचे आकडे ऐकून महाराष्ट्रातले भटके नाक मुरडतात, कारण हजार मीटरच्या वरची शिखरे इथे मोजकीच. मात्र इथला पायथा समुद्रसपाटीपासून जेमतेम पन्नास-शंभर मीटरवर असतो. त्यामुळे जेवढी शिखराची उंची, जवळजवळ तेवढीच चढाई पायांना पडते, आणि तीही दमट हवेत.

डोंगरांखेरीज दोन प्रकारची जमीन सायकलवाल्यांच्या कामाची आहे. एक म्हणजे जांभ्या दगडाचे सडे, म्हणजे उघडे सपाट माथे, आणि दुसरी चोडण-दिवाडीकडच्या खाजन शेतीचे, म्हणजे खाडीकाठच्या शेतीचे, बांध. नवशिक्याने सुरुवात या दुसऱ्या प्रकारापासून करावी.

कोणत्या महिन्यात यावे?

सायकलसाठी नोव्हेंबरचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारीअखेर. पावसाने धुपलेल्या वाटा तोवर वाळलेल्या असतात, गवत अजून पुरते पिवळे पडलेले नसते आणि सकाळी दहापर्यंत ऊन सोसवते. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहानंतर लगेच मावळतो. दाट झाडीत अंधार त्याच्या अर्धा तास आधीच पडतो, हे हिशेबात धरावे.

ऑक्टोबर फसवा असतो. आकाश निळे दिसते, पण दुपारनंतर गडगडाट होतो. सड्यावर आडोसा नसतो आणि चहूकडे सर्वांत उंच वस्तू म्हणजे तुम्ही स्वतः. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला, तर सडा सोडून उतारावरच्या बुटक्या झाडीत यावे, एकट्या उंच झाडाखाली थांबू नये आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जाऊ नये. मे महिन्यातल्या वळिवालाही हाच नियम.

मार्च ते मे पायी फिरायचे तर सकाळी साडेपाचला निघून दहाला परत. त्यापुढे नाही. तापमान पस्तिशीच्या आत-बाहेर असले तरी आर्द्रतेमुळे घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की अंग थंड होत नाही. शिवाय हा वणव्यांचा काळ. मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्यात आणि आसपास अनेक ठिकाणी एकाच वेळी वणवे भडकले होते. डोंगरावर धूर दिसला तर वाऱ्याच्या आडव्या दिशेने बाजूला व्हावे. चढाकडे तर अजिबात पळू नये, आग चढावर माणसापेक्षा वेगाने जाते.

जून ते सप्टेंबर हा चालणाऱ्यांचा काळ, आणि तोही अनुभवी माणूस बरोबर असेल तरच. वाळपईच्या बाजूला हंगामात चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होणे हे काही नवल नाही.

परवानगी लागते का?

बहुतेक चांगल्या वाटांना लागते. इथला घाटपट्टा जवळजवळ सगळा संरक्षित आहे: उत्तरेला म्हादई अभयारण्य, मध्ये भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान, खाली नेत्रावळी आणि अगदी दक्षिणेला खोतीगाव. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या कलम 27 आणि 28 प्रमाणे अभयारण्यात शिरायला परवाना हवा. मोले, नेत्रावळी आणि खोतीगावच्या नाक्यांवर प्रवेशशुल्क भरून ठरलेल्या ठिकाणी जाता येते. त्या शुल्काच्या पावतीचा अर्थ जंगलात कुठेही फिरायची मुभा असा होत नाही. नकाशावर दिसणारी एखादी घाटवाट करायची असेल, किंवा सायकल आतल्या कच्च्या रस्त्यावर न्यायची असेल, तर त्या विभागाच्या परिक्षेत्र वनाधिकाऱ्याच्या कार्यालयात आधी लेखी विचारावे. अर्जात तारीख, माणसांची नावे, आत जायची आणि बाहेर पडायची जागा आणि बरोबर असलेला स्थानिक वाटाड्या एवढे लिहिले की काम सोपे होते. नाक्यावर उभे राहून घातलेली हुज्जत कामी येत नाही.

पावसाळ्यातले नियम दर वर्षी बदलतात. जुलै 2023 मध्ये मैनापी धबधब्यावर दोघे बुडाल्यानंतर वनखात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर प्रवेशबंदी घातली होती. म्हणून गेल्या वर्षीच्या माहितीवर विसंबून गाडी काढू नये. निघायच्या आदल्या दिवशी फोन करावा.

दूधसागरला रुळांवरून चालत जाता येते ना? सगळे जातात.

नाही. रेल्वे कायदा 1989 च्या कलम 147 खाली तो गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा बाजूला ठेवला तरी त्या मार्गावर बोगदे आहेत, आणि बोगद्यात पावसाच्या आवाजात मागून येणारी मालगाडी ऐकू येत नाही. धबधबा पाहायचा तर हंगाम सुरू झाल्यावर कुळ्याहून, वनखात्याच्या नाक्यातून.

पावसाळ्यात सड्यावर सायकल का नको? चिखल तर फारसा नसतो.

चिखल नसतो याचे कारणच तिथे माती नसते. जांभ्याच्या कवचावर काही सेंटिमीटर माती, तीही खळग्यांपुरती. जूनपासून त्या मातीत सीतेची आसवे, दवबिंदू, गेंद अशी इवलीशी झाडे उगवतात. त्यांतली काही कीटक खाऊन जगतात, कारण त्या मातीत नत्र नसतेच. त्यांचे सगळे आयुष्य तीन-चार महिन्यांचे. चाकाची एक चाकोरी पडली की पुढच्या सरीचे पाणी तिथूनच वाहते, उरलीसुरली माती घेऊन जाते आणि खाली नुसता दगड राहतो. पुढच्या वर्षी तिथे काही उगवत नाही. चालतानाही उघड्या दगडावर पाय ठेवावा, हिरव्या खळग्यात नाही.

सायकलस्वाराच्या हिताचे कारणही आहे. ओल्या जांभ्यावर काळपट शेवाळ चढते आणि त्यावर जगातला कुठलाही टायर धरत नाही. वाट वळली की पुढचे चाक सरळ जाते.

सायकल कोणती असावी?

पुढे 100 ते 120 मिलिमीटरचा सस्पेन्शन फोर्क असलेली हार्डटेल इथे पुरते. मागेही सस्पेन्शन असलेली महागडी सायकल गोव्यात घेऊन यायची गरज नाही. इथल्या वाटांवर मोठ्या उड्या नाहीत, आणि पिव्होटच्या (मागच्या सांध्याच्या) बेअरिंगमध्ये तांबडी माती शिरली की दुरुस्तीचा खर्च वेगळा. गिअरमध्ये मात्र कंजुषी नको. पुढे 32 किंवा 30 दातांची एकच चेनरिंग (पेडलजवळचे दातेरी चक्र) आणि मागे निदान 46, शक्यतो 51 दातांपर्यंतची कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) हवी. केरीहून चोर्ला घाट चढताना साधारण सातशे मीटर उंची एका दमात अंगावर येते. तिथे 36 दातांच्या कॅसेटवर गुडघे बोलू लागतात.

फोर्कमध्ये हवा भरताना सॅग पाहावा. पाण्याच्या पिशवीसकट सायकलवर बसल्यावर फोर्क आपल्या एकूण प्रवासाच्या 20 ते 25 टक्के दबला पाहिजे. 100 मिलिमीटरचा फोर्क असेल तर 20 ते 25 मिलिमीटर. त्याहून कमी दबत असेल तर हवा जास्त आहे आणि जांभ्याच्या कपच्यांवर मनगटे हादरतील.

टायर आणि हवा यांबद्दल नेमके सांगा. दर फेरीला पंक्चर होते.

गोव्यातल्या पंक्चरची तीन वेगवेगळी कारणे आहेत आणि तिन्हींवर उपाय वेगळा.

पहिले, चिमटा पंक्चर. हवा कमी असते, चाक दगडाच्या धारेवर आदळते आणि ट्यूब रिम व दगड यांच्यामध्ये चिरडते. ट्यूबवर दोन समांतर भोके दिसली की हेच समजावे. ट्यूब वापरणाऱ्या सत्तर किलोच्या माणसाने 2.25 इंची टायरमध्ये 30 ते 35 पीएसआय ठेवावे. ट्यूबलेस असेल तर पुढे 22 ते 24 आणि मागे 25 ते 27 पुरते. वजन दहा किलोंनी वाढले की साधारण दोन पीएसआय वाढवावे.

दुसरे, काटे. करवंदीच्या जाळ्या छाटून वाटेच्या कडेला टाकलेल्या असतात, आणि बागायतीच्या कुंपणालाही काटेरी फांद्या लावतात. ट्यूबलेसमधले सीलंट, म्हणजे टायरच्या आतला द्रव, या काट्यांची भोके सहज बुजवते. 29 इंची चाकाला 90 ते 120 मिलिलिटर घालावे. बाटलीवर काहीही मुदत लिहिलेली असो, इथल्या उकाड्यात ते लवकर आटते. दोन महिन्यांनी व्हॉल्व्हचा गाभा काढून बारीक काडी आत घालून बघावी. काडी कोरडी आली तर आत काही उरलेले नाही. ट्यूबवाल्यांनी नवी ट्यूब टाकण्याआधी टायरच्या आतून कापड फिरवावे. मोडलेले काट्याचे टोक रबरात तसेच राहते आणि शंभर मीटरवर नवी ट्यूबही जाते. दर फेरीला पंक्चर होण्याचे हे सर्वांत मोठे कारण.

तिसरे आणि सर्वांत वाईट म्हणजे बाजूची भिंत चिरणे. जांभा फुटला की त्याच्या कडा धारदार निघतात. सेंटिमीटरभर चीर सीलंटने बुजत नाही. त्यासाठी जुन्या टायरचा पाच बाय तीन सेंटिमीटरचा तुकडा पिशवीत ठेवावा. टायर सोडवून तो चिरेच्या आतून लावायचा, ट्यूब घालायची, हवेच्या दाबाने तो जागच्या जागी बसतो. तुकडा नसेल तर दुहेरी घडी घातलेली नोट चालते. टायर घेतानाच जाड भिंतीचा घ्यावा. चाकामागे शंभर ग्रॅम वजन वाढेल, वाढू द्यावे.

उतारावर पुढचे चाक निसटते. काय चुकते?

बहुतेक वेळा वाळलेल्या बारीक तांबड्या खड्यांवर ब्रेक दाबलेला असतो. वाटाणे सांडलेल्या फरशीवर जसा पाय जातो तसे चाक जाते. वेग वळणाच्या आधी, सरळ पट्ट्यात कमी करायचा. वळणात शिरताना पुढचा ब्रेक सोडायचा, बाहेरचे पेडल खाली, वजन त्या पेडलवर आणि नजर वळणाच्या शेवटावर. सीट निदान पाच सेंटिमीटर खाली घेतली तर अर्धे काम तिथेच होते. मागे सरकून बसण्याची सवयही नडते. पुढच्या चाकावर वजन नसेल तर ते जमीन धरणार कसे?

घाटरस्त्याच्या लांब उतारावर ब्रेक सतत घासत ठेवू नये. दोन-तीन सेकंद जोरात दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. सतत घासल्याने डिस्क तापते, ब्रेकचे पॅड चकाकी धरतात आणि लिव्हर दाबूनही सायकल थांबत नाही. चोर्ला आणि अनमोड दोन्ही घाटांत अवजड वाहतूक असते, हेही ध्यानात असू द्यावे.

ब्रेकचे पॅड किती टिकतात?

कोरड्यात एक हंगाम सहज. ओल्या तांबड्या मातीत मऊ रेझिन पॅड एका लांब फेरीतही संपू शकतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात वाटा ओल्या असताना धातूमिश्रित पॅड लावावेत. थोडा आवाज करतात, पण टिकतात. पॅडचा घासणारा थर अर्धा मिलिमीटर उरला की बदलायचा. नवे पॅड लावल्यावर मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून पंधरा-वीस वेळा, पूर्ण न थांबता, जोरात वेग कमी करावा, मगच डोंगरावर न्यावे.

पिशवीत काय काय असावे?

एक ट्यूब (ट्यूबलेस असली तरी), दोन टायर लिव्हर, पंप, चेन तोडायच्या अवजारासह मल्टिटूल, आपल्या चेनच्या मापाचा क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी), टायरचा तो तुकडा, आणि आपल्या फ्रेमचा डिरेलर हँगर (मागचा गिअर बदलणारा डिरेलर फ्रेमला धरणारा तुकडा). शेवटची वस्तू कुणी घेत नाही आणि तीच लागते. सायकल उजव्या अंगावर पडली की हँगर वाकतो, आणि वाकलेल्या हँगरने सर्वांत हलका गिअर टाकला की डिरेलर थेट आऱ्यांत जातो. प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा असतो, वाळपईच्या किंवा सांग्याच्या सायकल दुकानात तो मिळण्याची आशा धरू नये. पडल्यानंतर मागून बघावे: हँगर आत वळलेला दिसला तर घरी पोचेपर्यंत सर्वांत हलके दोन गिअर वापरू नयेत.

सुरुवातीला कुठे जावे?

जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडीला. बांधावरून सपाट वाट, मध्येच टेकडीवरच्या चर्चपर्यंत खडा चढ. अर्ध्या दिवसात सायकल आणि स्वतः, दोघांची परीक्षा होते. बांध मातीचे असतात आणि त्यांवर शेतकऱ्यांची शेती अवलंबून असते, म्हणून पावसानंतर मऊ असताना त्यांवर चाक घालू नये, आणि मानशीच्या (खाडीचे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दाराच्या) फळ्यांना तर हातही लावू नये.

चढाचा सराव करायचा तर पारोड्याचा चंद्रनाथ डोंगर. डांबरी रस्ता वळणे घेत वर जातो, शेवटी पायऱ्या. त्यानंतर मोले–साकोर्डे–बोळकर्णे करत तांबडी सुर्ल्याच्या महादेवापर्यंत. रस्ता जंगलातून जातो, रहदारी कमी, आणि वाटेत चढ-उतार भरपूर. या तिन्ही फेऱ्या नीट झाल्या की मग नेत्रावळीहून वेर्ल्याचा चढ.

पायी जाणाऱ्यांसाठी नेत्रावळीचा सावरी धबधबा ही बरी सुरुवात. सत्तरीत वाघेरीचा डोंगर त्याच्या पुढची पायरी. वाघेरीला वाटाड्या घ्यावाच, वरच्या कारवीत वाटा फुटतात आणि सगळ्या सारख्याच दिसतात.

खनिज खाणींचे जुने रस्ते डिचोली-सांग्यात खूप आहेत आणि सायकलवाल्यांना त्यांचा मोह पडतो. तिथे जाऊ नये. मातीचे ढीग पावसानंतर बसतात, आणि पाण्याने भरलेल्या खड्ड्यांचे काठ उभे आणि निसरडे असतात. पडलेला माणूस वर येऊ शकत नाही.

मोबाइलचा नकाशा पुरतो का?

सुर्ल, वेर्ले, चरावणे या बाजूंना नेटवर्क जाते-येते, त्यामुळे नकाशा आणि जीपीएक्स फाइल (वाटेची नोंद) घरूनच उतरवून घ्यावी आणि फोन विमान मोडवर ठेवावा. नेटवर्क शोधण्यातच बॅटरी अर्धी होते. फोन प्लास्टिकच्या पिशवीत नको, घामाची वाफ आत धरते. कोरड्या पिशवीत, कापडात गुंडाळून.

नकाशावर तुटक रेघ दिसते म्हणून वाट आहेच असे नाही. गुरे चारणे कमी झाले तशा कित्येक पायवाटा रानाने गिळल्या. गावात शिरल्यावर पहिल्या घरी विचारावे. "बाब, घाटार वचपाची वाट उकती आसा?" (घाटावर जायची वाट मोकळी आहे का?) एवढी कोंकणी पुरे होते. सत्तरी-पेडण्यात मराठीतही विचारले तरी चालते. म्हातारी माणसे अंतर किलोमीटरमध्ये सांगत नाहीत, "विडी ओढून होईपर्यंत" असे काही तरी सांगतात. त्याचे दुप्पट धरावे.

किती वेळ लागेल हे कसे काढायचे?

1892 मध्ये नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने घालून दिलेला हिशेब जगभर चालतो: सपाटीला ताशी पाच किलोमीटर, आणि दर सहाशे मीटर चढाईला एक तास अधिक. इथल्या जंगलात तो स्वप्नरंजनच ठरतो. ताशी तीन किलोमीटर धरा, दर तीनशे मीटर चढाईला एक तास, पावसाळ्यात आलेल्या उत्तराची दीडपट. आठ किलोमीटर आणि चारशे मीटर चढ म्हणजे कोरड्यात चार तास. आठवर निघालात तर दुपारी दोनच्या पुढे कोणत्याही कारणाने पुढे जायचे नाही, तिथून परत फिरायचे.

पाणी किती न्यावे? झऱ्याचे पिता येते ना?

तासाला अर्धा ते पाऊण लिटर, एप्रिल-मेमध्ये एक लिटर. दोन तासांवरच्या फेरीला एक लिटर पाण्यात ओआरएसचे एक पूर्ण पाकीट. अर्धे पाकीट अर्ध्या बाटलीत असे अंदाजाने करू नये, मापात चूक होते. कोकमाचे पाणी मीठ-साखर घालून नेले तर तेही चांगले, फक्त तिखट नको.

झऱ्याचे पाणी वर वस्ती नाही असे दिसले तरी उकळल्याशिवाय किंवा गाळून क्लोरीनची गोळी टाकल्याशिवाय नको. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसची भीती असते आणि तो पायाच्या जखमेतूनही शिरतो. खरचटलेल्या पायाने डबक्यात उतरण्याआधी जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी हवी.

व्हाळ (ओढा) ओलांडताना काय पाहावे?

डोंगरात माणसे इथेच दगावतात, म्हणून हे नीट वाचावे. तुमच्या डोक्यावर ऊन असते आणि वर घाटमाथ्यावर पाऊस कोसळत असतो. पाणी वाढण्याआधी चार खुणा दिसतात: स्वच्छ पाणी अचानक गढूळ होते, पाने आणि काटक्या वाहत येतात, मघाशी दिसणारे दगड बुडतात, आणि वरून घोंघावता आवाज येतो. यातली एकही दिसली तर पात्रातून लगेच वर यायचे. सामान राहिले तर राहू द्यायचे.

ओलांडायची जागा रुंद आणि उथळ निवडावी. अरुंद जागा सोपी वाटते, पण पाणी तिथेच खोल आणि जोराचे असते. खालच्या अंगाला धबधबा, कोंड किंवा आडवे पडलेले झाड असेल तर तिथून उतरूच नये. पडलेल्या झाडाखाली माणूस अडकतो आणि पाणी त्याला दाबून धरते. पाणी गुडघ्याच्या वर आणि वेग असेल तर परत फिरावे. बूट काढू नयेत. पाठपिशवीचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडून ठेवावा, म्हणजे तोल गेला तर ती टाकता येते. प्रवाहाकडे तोंड, हातात काठी, आणि एका वेळी एकच पाय उचलायचा. सायकल असेल तर ती आपल्या खालच्या अंगाला धरावी. वरच्या अंगाला धरली तर पाणी ती आपल्या पायांवर ढकलते.

दोन तास थांबले की व्हाळ बहुतेक उतरतो. थांबायची तयारी म्हणून कोरडे जेवण आणि टॉर्च पिशवीत असते.

जळवा लागल्या तर?

काही होत नाही. नखाने तिचे बारीक तोंड बाजूला सरकवायचे, मग जाड टोक, आणि टिचकीने उडवायची. ओढू नये, जाळू नये. रक्त अर्धा तास वाहते, जखम धुऊन दाबून धरावी. मोज्यांवर तंबाखूचे पाणी किंवा मीठ लावले तर कमी चढतात, पण पहिल्या ओढ्यात ते धुऊन जाते.

माकडतापाचे खरे काय?

खरे आहे आणि सत्तरीत जाणाऱ्याने गांभीर्याने घ्यावे. गोव्यात तो 2015 मध्ये सत्तरीतल्या पाळी गावात आढळला. क्यासानूर जंगल रोगाचा हा विषाणू गोचिडीतून माणसात येतो, आणि हंगाम साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका काजूचा आणि आपल्या भटकंतीचा.

पूर्ण बाह्या, लांब पँट, पँट मोज्यात खोचलेली, कपडे फिक्या रंगाचे. डीट (कीटकांना दूर ठेवणारे रसायन) असलेले औषध मोज्यांवर आणि घोट्यांवर. वाळक्या पाल्यात बसू नये, पिशवी झाडाला टांगावी. परतल्यावर कपडे लगेच गरम पाण्यात टाकून अंग तपासावे: गुडघ्यामागे, कमरेचा पट्टा, काखा, कानामागे. पिल्लू गोचीड तिळाहून लहान असते. बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढावी. रॉकेल, तूप, पेटती काडी हे उपाय करू नयेत, त्याने ती पोटातले जखमेत ओकते. मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवावे. गोचीड चावल्यापासून आठवड्याभरात ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू झाली तर डॉक्टरला जंगलात गेल्याचे आपणहून सांगावे. नाही तर डेंग्यूचीच तपासणी होते आणि वेळ जातो.

साप चावला तर?

सड्यावर फुरसे असते आणि ते दगडाखाली बसते, म्हणून दगडाखाली हात घालू नये आणि बसायच्या आधी काठीने ठोकावे. जंगलात झाडाच्या फांदीवर हिरवट-तपकिरी चापडा असतो, वाट अरुंद असेल तर तो चेहऱ्याच्या उंचीला येतो.

चावल्यावर कापणे, चोखणे, आवळून बांधणे काहीही नाही. अंगठी, घड्याळ, पैंजण काढावे. चावलेला अवयव फळीला बांधून हलू न देता माणसाला उचलून न्यावे. चालायला लावू नये. भारतातली प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारांवर चालते, चापड्यांवर तिचा भरवसा नाही. तरीही इस्पितळात जायचेच, कारण चापड्याच्या विषानेही रक्त गोठणे बिघडते आणि मूत्रपिंडावर लक्ष ठेवावे लागते. गंभीर रुग्णाला बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात न्यावे लागते. फोन 108. सापाचा फोटो दुरून काढता आला तर काढावा, त्याला मारत बसण्यात वेळ घालवू नये.

गवा, अस्वल, वाघ?

गवा हा गोव्याचा राज्यप्राणी आणि प्रत्यक्षात धोका त्याचाच अधिक, कारण तो गाठ पडतोच. एकटा नर दिसला तर थांबावे, सायकलवरून उतरावे, आणि तो जाईपर्यंत दूर राहावे. तो मान खाली घालून बाजू दाखवत उभा राहिला तर ती सूचना समजून मागे सरकावे. अस्वलाला नजर आणि कान कमी, म्हणून ते अचानक समोर आले की घाबरून हल्ला करते. दाट झाडीत आणि व्हाळाच्या आवाजात बोलत चालावे. सायकलवाल्याने आंधळ्या वळणाआधी घंटी वाजवावी. म्हादईत वाघ आहेत, जानेवारी 2020 मध्ये गोळावलीजवळ चार वाघ मेलेले सापडले तेव्हा ते साऱ्या राज्याला कळले. वाघ दिसण्याची शक्यता नगण्य.

जनावरांपेक्षा लपलेले फासे आणि शेताभोवती सोडलेली वीज यांची काळजी अधिक करावी. शेताच्या कडेने जाणारी उघडी तार दिसली तर ती ओलांडू नये, कितीही लांबून फिरावे लागले तरी.

देवराईतून वाट जात असेल तर?

चपला बाहेर, सायकल बाहेर. आत काहीही तोडायचे नाही, वाळकी काडीसुद्धा. लघवी, धूम्रपान, मोठा आवाज नाही. बांबरच्या निरंकाराच्या राईसारख्या ठिकाणी जंगली जायफळांची दलदल आहे. वर दिसणारी गुडघ्यासारखी वळलेली मुळे श्वास घेणारी असतात, त्यांवर पाय पडला की झाडालाच इजा होते.

काजूच्या बागेतून किंवा कुळागरातून (पोफळीच्या बागेतून) गेले तर चालते का?

विचारून. मार्च ते मे बोंडू पडलेले असतात, त्यांवरून चाक गेले की मालकाचे नुकसान. कुळागरात पाटाचे पाणी ओलांडताना पाटाची कड मोडू नये.

बूट कसले घ्यावेत?

कोरड्यात खोल खाचांचे ट्रेकिंग बूट. पावसाळ्यात महागडे वॉटरप्रूफ बूट निरुपयोगी: पाणी वरून आत जाते आणि मग बाहेर पडत नाही. जाळीचे, लवकर निथळणारे बूट आणि लोकरमिश्रित मोजे बरे. गावातली माणसे रबरी सँडल घालून शेवाळावर आपल्यापुढे निघून जातात ते पाहून मन खट्टू करून घेऊ नये, त्यांना पाय कुठे ठेवायचा ते ठाऊक असते.

एकट्याने जावे का?

नाही. कमीत कमी तीन: एक जखमी, एक त्याच्याजवळ, एक मदतीला. घरी वाटेचे नाव आणि परतायची वेळ लिहून ठेवावी, आणि त्या वेळेनंतर दोन तासांनी 112 ला फोन करायला सांगावे. गळ्यात शिट्टी असावी. मिनिटाला सहा वेळा वाजवून मिनिटभर थांबणे हा संकटाचा संकेत आहे.

फिरून आल्यावर सायकलचे काय करायचे?

गाड्या धुणाऱ्याच्या जोराच्या फवाऱ्याखाली अजिबात नको. पाणी हब (चाकाचा मध्य) आणि बॉटम ब्रॅकेट (पेडलचा आस) यांच्या बेअरिंगमध्ये शिरते आणि महिन्याभरात करकर सुरू होते. बादलीभर पाणी, मऊ ब्रश, आणि तांबडी माती वाळण्याआधी. चेन कापडाने पुसून कोरडी झाल्यावर प्रत्येक कडीवर आतल्या बाजूने तेलाचा एक थेंब, दहा मिनिटांनी वरचे तेल पुसून टाकायचे. वर राहिलेले तेल धूळ धरते आणि चेनची कानस होते. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांची सायकल न वापरताही गंजते, म्हणून पंधरा दिवसांतून एकदा चेन आणि केबलची टोके पुसून तेल द्यावे. चेन मापकावर 0.5 टक्के ताण दिसला की चेन बदलावी. 0.75 च्या पुढे गेली तर कॅसेटही बदलावी लागते, आणि तिची किंमत चेनच्या कित्येक पट असते.